रक्ताला काय विचारावे

पावसाळा सरत आला की ठाण्यातील माजिवड्याच्या नाक्याभोवतीच्या रक्ततपासणीच्या खोल्यांसमोर सकाळपासूनच माणसांची रांग लागते, आणि संध्याकाळी कागद हाती पडला की रुग्णाच्या नातलगांच्या तोंडून पहिला प्रश्न बहुधा एकच निघतो : प्लेटलेट किती? ताप डेंग्यूचा आहे की हिवतापाचा, हिवतापाचा असल्यास कोणत्या जातीच्या जंतूचा, रुग्णाचे मूत्रपिंड कसे चालले आहे, त्याच्या श्वासाची गती किती, यांपैकी कशाचीही चौकशी होण्यापूर्वी त्या एका आकड्यावर घरातली चिंता चढते-उतरते, रात्री-अपरात्री रक्तपेढीकडे धावाधाव होते, आणि आकडा लाखाच्या वर गेला की संकट टळले असे मानून औषधाचा उरलेला क्रम अर्ध्यावर सोडला जातो. हा आकडा खोटा नसतो. हिवतापात प्लेटलेट कमी होतात, व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम या दोन्ही जातींच्या तापात होतात, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्या दिवसांत बहुधा आपोआप वाढतात. परंतु रक्तस्राव होत नसेल तर नुसत्या त्या घटीवरून प्रौढ माणसाचा हिवताप गंभीर ठरत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर हिवतापाची जी गमके नमूद केली आहेत त्यांत या आकड्याला स्थान नाही.

एका गौण आकड्याला असा मान का मिळावा, याचा विचार करताना मी ज्या निष्कर्षाला आलो तो असा की, रक्तातील कोणत्याही चिन्हाला, ज्याला वैद्यकात आज जैवसूचक म्हणतात त्याला, स्वतःचा असा अर्थ नसतो. त्याला कोणता प्रश्न विचारला यावर त्याच्या उत्तराचे मोल अवलंबून असते. प्रौढ रुग्णाच्या हिवतापात विचारण्याजोगे प्रश्न चार : जंतू आहे काय, कोणता आहे, हा माणूस आज रात्री बिघडणार काय, आणि हा ताप पुन्हा उलटणार काय. पहिल्या दोहोंची उत्तरे आपल्याला फार पूर्वीपासून बऱ्यापैकी मिळत आली आहेत. उरलेल्या दोहोंसाठी आपण जे मोजावयास हवे ते मोजत नाही आणि जे मोजतो त्याचा त्या प्रश्नांशी संबंध थोडा, अशी माझी तक्रार आहे.

माजिवड्याच्या संदर्भात हा विचार करण्यास कारणही आहे. येथे पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदरचा रस्ता आणि नाशिककडे जाणारा आग्रा रस्ता एकत्र येतात, आणि हाकेच्या अंतरावर कापूरबावडी आहे. या स्थलनामातील 'बावडी' हा शब्द हिवतापाच्या अभ्यासकाने सहज ओलांडून जाऊ नये. चार्ल्स बेंटली या अधिकाऱ्याने मुंबई शहरातील हिवतापाच्या कारणांची चौकशी करून १९११ साली जो अहवाल सादर केला, त्यात दोषाचा मोठा वाटा शहरातील विहिरींकडे येत होता. कारण अॅनॉफेलिस स्टीफेन्साय हा आपल्या शहरांतील हिवतापाचा डास डबक्यातल्या घाण पाण्यापेक्षा विहिरीतल्या, हौदातल्या आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्यावर अंडी घालतो. त्यानंतर सरकारी फर्मानाने विहिरी बुजवण्याचा वा झाकण्याचा उपक्रम झाला, आणि विहिरीचे पाणी धर्मकृत्यास लागते म्हणून पारशी व हिंदू रहिवाशांनी त्यास हरकतीही घेतल्या. आज बावड्या गेल्या. परंतु चाळीस मजली इमारतीचे बांधकाम म्हणजे त्या डासाच्या दृष्टीने एकावर एक रचलेल्या विहिरीच होत. ओल्या राहिलेल्या स्लॅबवर साचवलेले पाणी, लिफ्टसाठी खणलेला खड्डा, गच्चीवरची उघडी टाकी आणि मजुरांच्या झोपड्यांशेजारची पिंपे, यांतून जो डास निपजतो त्याच्या पहिल्या आवाक्यात गवंडी, सळई बांधणारा आणि रखवालदार येतात, आणि ही सारी माणसे प्रौढ असतात. बेंटलीच्या विहिरींतला हाच डास २०१२ साली आफ्रिकेतील जिबूती येथे पोचला आणि तेथील शहरांना त्याने नवा धाक घातला, यावरून शहरी हिवतापाचा आपला अनुभव केवळ आपल्यापुरता राहिलेला नाही हे ध्यानात यावे.

आता पहिला प्रश्न. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथे आल्फोन्स लाव्हेराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टराने तापकऱ्याच्या रक्तात हालचाल करणारा जंतू पाहिला, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी तोच जंतू डासाच्या जठरात ओळखला. तेव्हापासून काचेवरचा रक्ताचा लेप हा हिवतापाच्या निदानाचा मूळ दस्तऐवज झाला. आपल्याकडे जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केलेला, आद्याक्षरांवरून जेएसबी म्हणून ओळखला जाणारा स्वस्त रंग याच कामासाठी सरकारी प्रयोगशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. देश स्वतंत्र झाला तेव्हा वर्षाकाठी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मरत असत, असा अंदाज होता. १९५३ च्या नियंत्रण कार्यक्रमाने आणि १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमाने हा आकडा जवळजवळ नाहीसा केला, आणि १९७६ मध्ये तो पुन्हा ६४ लाखांवर चढला. या चढउताराचा सारा हिशेब काचपट्ट्या मोजूनच ठेवला गेला आहे. जाड लेपात जंतू सापडतो, पातळ लेपात त्याची जात कळते, आणि ज्याचे डोळे शिकलेले आहेत असा तंत्रज्ञ शेकडा किती तांबड्या पेशींत जंतू आहे हेही सांगू शकतो. या विद्येविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. नवी यंत्रे आली म्हणून तिची हेळसांड होऊ लागली असेल तर ते आपले दुर्दैव.

परंतु काचपट्टी जे सांगू शकत नाही तेही स्वच्छपणे मान्य केले पाहिजे. फॅल्सिपेरमचा जंतू तांबड्या पेशीत अठ्ठेचाळीस तास वाढतो. त्यांपैकी पूर्वार्धात ती पेशी रक्तासोबत वाहते, आणि उत्तरार्धात तिच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उठून ती मेंदूतील, मूत्रपिंडातील, आतड्यांतील केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. बोटातून काढलेल्या थेंबात येतात ते फक्त वाहणारे जंतू. चावडीवर हजर असलेली माणसे मोजून गावची खानेसुमारी करावी, तसा हा प्रकार होतो. ज्या दिवशी गाव घरात दडून बसले असेल त्या दिवशी मोजणी अल्प निघते आणि दंगा मात्र मोठा असतो. गावात खरोखर किती माणसे आहेत हे धान्याच्या खपावरून कळावे, त्याप्रमाणे जंतूने रक्तात सोडलेल्या द्रव्यावरून त्याच्या एकूण संख्येचा अंदाज करता येतो, ही कल्पना बँकॉक येथे काम करणाऱ्या आर्येन डोंडॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये थायलंड-ब्रह्मदेश सीमेवरील प्रौढ रुग्णांवर पडताळून पाहिली. एचआरपी-२ नावाचे प्रथिन जंतूची पेशी फुटताना रक्तद्रवात सांडते. दडलेले जंतूही ते सांडतातच. ज्यांची काचपट्टी सारखी त्यांच्यातही या प्रथिनाचे प्रमाण ज्याचे अधिक, तो रुग्ण अधिक अत्यवस्थ, असे त्यांना आढळले.

हेच प्रथिन आपण दवाखान्यात झटपट तपासणीच्या पट्टीवर पाहतो. परंतु तेथे त्याला विचारलेला प्रश्न निराळा असतो, आणि माझ्या मुख्य प्रतिपादनाला याहून चांगला दाखला मिळणार नाही. पट्टीवर आपण विचारतो : आहे की नाही? त्या प्रश्नाला एचआरपी-२ चे उत्तर सदोष असते, कारण जंतू मेल्यावरही ते कित्येक आठवडे रक्तात रेंगाळते, आणि बरा झालेला माणूस पुन्हा आजारी ठरतो. उलटपक्षी, ज्यांच्या अंगी हे प्रथिन बनवण्याचे जनुकच उरलेले नाही असे जंतू २०१० मध्ये पेरू देशातून नोंदले गेले, आणि असे जंतू पट्टीला दिसतच नाहीत. जिवंत जंतूच जे निर्माण करतो आणि जंतू मेल्यावर लवकर नाहीसे होते असे पीएलडीएच हे विकर त्या प्रश्नाला अधिक प्रामाणिक. तेव्हा एचआरपी-२ चांगले की वाईट, असा वाद व्यर्थ आहे. एका खटल्यात तो विश्वासार्ह साक्षीदार, दुसऱ्यात नव्हे.

तिसऱ्या प्रश्नाकडे येताना प्रौढ आणि बालक यांचा भेद आवर्जून मांडला पाहिजे, कारण हिवतापावरचे जगातील पुष्कळसे संशोधन आफ्रिकेतील मुलांवर झाले आहे. मुलाला फॅल्सिपेरम मारतो तो तीव्र रक्तक्षयाने वा झटक्यांसह येणाऱ्या बेशुद्धीने. आशियातील प्रौढाचे मूत्रपिंड बंद पडते, डोळे पिवळे होतात, फुप्फुसांत पाणी साचते, आणि हे सारे दोन-तीन दिवसांत घडू शकते. शिवाय प्रौढ माणूस कोठून आला याला महत्त्व आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या रक्तात थोडे जंतू असूनही तो हिंडता-फिरता असू शकतो, आणि मग आजचा ताप त्या जंतूंचाच की दुसऱ्या कशाचा हे ठरवणे कठीण जाते. जो माणूस हिवताप नसलेल्या मुलखातून प्रथमच माजिवड्यातील बांधकामावर आला, त्याच्या रक्तातले तितकेच जंतू त्याला लोळवतात.

अशा प्रौढात धोका कशावरून ओळखावा? क्रिएटिनिन तीन मिलिग्रॅमच्या वर, बिलिरुबिन तीन मिलिग्रॅमच्या वर आणि सोबत जंतूंची संख्याही मोठी, हिमोग्लोबिन सातच्या खाली, साखर चाळिसाच्या खाली, आणि लॅक्टेट पाच मिलिमोल वा त्याहून अधिक : ही मापे कोणत्याही मध्यम रुग्णालयाला परकी नाहीत. यांपैकी लॅक्टेटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते मला सर्वांत बोलके वाटते. केशवाहिन्या तुंबल्या की पलीकडच्या ऊतींना प्राणवायू पुरत नाही, त्या प्राणवायूवाचून साखर जाळू लागतात, आणि त्या जळणाची राख म्हणजे लॅक्टेट. त्यात जंतू स्वतःही साखर खाऊन तीच राख टाकतो. अर्थात हा एकच आकडा जंतूच्या भाराची आणि रुग्णाच्या हालाची, अशा दोन्ही गोष्टींची खबर देतो. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार या चार देशांतील १४६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीने २००५ मध्ये हे सिद्ध केले की गंभीर हिवतापात कोयनेलच्या जागी आर्टेसुनेट शिरेतून दिल्यास मृत्यू शेकडा २२ वरून १५ वर येतात. आणि मुख्यतः याच रुग्णांच्या नोंदींवरून जॉश हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की प्रौढाचे भवितव्य दोन गोष्टींवरून सर्वांत चांगले कळते, रक्तातील आम्लतेवरून आणि शुद्धीच्या पातळीवरून. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, जेथे आम्लता मोजण्याचे यंत्र नाही तेथे मिनिटाला श्वास किती, एवढे मोजूनही पुष्कळ काम भागते. रक्तातले आम्ल वाढले की शरीर ते श्वासावाटे भरून काढू पाहते. उशाशी बसून घड्याळावर श्वास मोजणारी परिचारिका एका अर्थाने रक्ताचाच आकडा वाचत असते.

याच्या पलीकडे, रक्तवाहिनीच्या अस्तराला झालेल्या इजेची खबर देणारी चिन्हे आहेत. अँजिओपोएटिन-२ हे द्रव्य त्या अस्तराच्या पेशींत साठवलेले असते आणि इजा होताच बाहेर पडते. इंडोनेशियाच्या पापुआ भागातील तिमिका येथील प्रौढांत त्याचे प्रमाण मृत्यूच्या धोक्याशी निगडित असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे शास्त्र मनोवेधक आहे. परंतु माजिवड्यातील डॉक्टरला रात्री अकरा वाजता हा निर्णय घ्यावयाचा असतो की, समोरच्या माणसाला गोळ्या देऊन घरी पाठवावे की कळव्याच्या रुग्णालयात रवाना करावे; ज्या चिन्हाचा अहवाल चार दिवसांनी येतो ते चिन्ह कितीही सूक्ष्म असले तरी त्या निर्णयाच्या कामाचे नाही. उलट सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या दोन तपासण्या झटपट मिळतात म्हणून सर्रास लिहिल्या जातात; पण हिवतापात त्या दोन्ही स्वतःच वाढतात, गंभीर हिवतापात तर पुष्कळच वाढतात, म्हणून त्यांवरून जिवाणूंचा संसर्गही सोबत आहे असे अनुमान काढून भारी प्रतिजैविके सुरू करणे पुष्कळदा चुकीचे ठरते.

या क्षेत्रात आपल्याच परिसरात झालेल्या कामाचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. पवई येथील आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने मुंबई आणि बिकानेर येथील रुग्णालयांच्या साहाय्याने हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातील शेकडो प्रथिने एकाच वेळी मोजण्याचा उद्योग बरीच वर्षे चालवला आहे. २०१६ साली त्यांनी गंभीर व्हायव्हॅक्समध्ये ऑक्सिडीकरणाच्या ताणाशी आणि पेशीच्या सांगाड्याशी संबंधित प्रथिने संभाव्य सूचक म्हणून पुढे आणली, आणि २०२० मध्ये दोन्ही जातींच्या गंभीर तापातील प्रथिनांचा तौलनिक पट मांडला. या कामाचे मोल मला दोन कारणांनी वाटते. पहिले असे की, व्हायव्हॅक्सला 'सौम्य' म्हणण्याची जी जुनी वैद्यकीय रूढी होती तिला बिकानेरच्या कोचर यांनी २००५ मध्ये गंभीर व्हायव्हॅक्सचे रुग्ण नोंदवून धक्का दिला, आणि पवईच्या कामाने त्या धक्क्यामागची रासायनिक प्रक्रिया शोधण्याचा प्रयत्न केला. दुसरे असे की, ज्या डासाने आणि ज्या जंतूने येथील माणूस आजारी पडतो त्याचेच रक्त तपासले गेले. तथापि शेकडो प्रथिनांच्या यादीतून खाटेशेजारी वापरण्याजोगे एक चिन्ह काढणे हे यादी करण्याहून कठीण काम आहे, आणि त्यासाठी मोठ्या, निरनिराळ्या ठिकाणच्या रुग्णसमूहांवर तेच चिन्ह पुन्हा पुन्हा पारखावे लागते.

आता चौथा प्रश्न, आणि माजिवड्यापुरते बोलावयाचे तर सर्वांत निकडीचा. या शहरांतील हिवताप मोठ्या प्रमाणात व्हायव्हॅक्सचा असतो. प्रयोगशाळेच्या बोलीत 'पीव्ही निघाला' म्हणतात तो हाच. त्याचे काही जंतू यकृतात निद्रिस्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी जागे होऊन ताप पुन्हा आणतात. त्यातच पापुआमधील शस्त्रक्रियेने काढलेल्या प्लीहांच्या अभ्यासाने २०२१ मध्ये असे दिसले की, लक्षणे नसलेल्या माणसांत व्हायव्हॅक्सचे बहुतांश जंतू वाहत्या रक्तात नसून प्लीहेत असतात. ज्या निद्रिस्त जंतूमुळे ताप उलटतो त्याचे रक्तातील चिन्ह नित्याच्या वापरासाठी आज कोणाकडेही नाही. हा उणेपणा एकट्या माजिवड्याचा नव्हे, साऱ्या विद्येचाच आहे. मेलबर्नच्या रिया लाँग्ली यांच्या गटाने २०२० मध्ये यावर एक वळसा सुचवला : जंतू दिसत नसेल तर त्याने मागे ठेवलेली प्रतिपिंडे मोजावीत. आठ प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे एकत्र मोजून गेल्या नऊ महिन्यांत व्हायव्हॅक्स होऊन गेला होता काय, हे सुमारे ८० टक्के अचूकतेने सांगता येते. पाचांतला एक सुटतो, हे खरे. परंतु बांधकामावर एका छपराखाली राहणाऱ्या दोनशे मजुरांतून ज्यांना निद्रिस्त जंतूंवरचे औषध द्यावे अशी माणसे निवडण्यास, आज हाती काहीच नाही त्यापेक्षा हे किती तरी बरे.

ते औषध म्हणजे प्रायमाक्विन, आणि ते देण्यापूर्वी रक्ताला आणखी एक प्रश्न विचारणे भाग आहे. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात; १९५६ साली अमेरिकेत याचा उलगडा झाला, आणि मुंबईतील संशोधकांनी १९६१ मध्ये येथील लोकसमूहांत ही उणीव मोजून पारशी समाजात तिचे प्रमाण अधिक असल्याचे नोंदवले. म्हणजे या एका तपासणीची गरज या महानगरातच साठ वर्षांपूर्वी दिसून आली होती. असे असता हजारो रुपयांच्या तापाच्या 'पॅकेज'मध्ये जीवनसत्त्वे मोजली जातात आणि जी-सिक्स-पीडी राहून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. या तपासणीच्या अभावी काही डॉक्टर भीतीने औषधच लिहीत नाहीत, काही न तपासता लिहितात, आणि रुग्ण तर तीन दिवसांच्या क्लोरोक्विनने ताप उतरताच चौदा दिवसांची पुडी विसरतो.

यावर असे म्हटले जाईल की, एवढ्या तपासण्यांचा खर्च रोजंदारीच्या माणसाने कसा सोसावा. आक्षेप रास्त आहे. पण मी तपासण्या वाढवा म्हणत नाही. जो खर्च आज प्लेटलेट रोज मोजण्यात आणि निरुपयोगी आकड्यांत होतो, तो काढून नीट वाचलेली काचपट्टी, एकदा जी-सिक्स-पीडी, आणि श्वास वा शुद्धी यांबद्दल शंका आली तर त्याच तासाला लॅक्टेट व क्रिएटिनिन, एवढ्यावर लावला तर बहुधा थोड्या पैशांत भागेल. लॅक्टेट मोजणारे तळहाताएवढे यंत्र आज मिळते. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ते साखर मोजण्याच्या यंत्राशेजारी असावे, आणि त्याचा आकडा वाचण्याचा अधिकार परिचारिकेलाही असावा.

राहिला दप्तराचा प्रश्न. २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचा संकल्प देशाने जाहीर केला आहे. परंतु माजिवड्याच्या बांधकामावर पीव्ही निघालेला मजूर ताप उतरल्यावर मुकादमासोबत कल्याणच्या खडकपाड्यात वा डोंबिवलीच्या एखाद्या नव्या संकुलावर निघून जातो, महापालिकेची हद्द बदलते, आणि सहा आठवड्यांनी ताप उलटला की तेथील डॉक्टरपुढे तो नवा रोगी म्हणून उभा राहतो. त्याच्या रक्ताने माजिवड्यात दिलेली साक्ष तेथे कोणाला ठाऊक नसते. एका जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर त्याला वाचता येईल अशा लिपीत चार ओळी लिहून त्याच्या खिशात ठेवता येतील : जंतूची जात, जी-सिक्स-पीडीचा निकाल, प्रायमाक्विनची पहिली गोळी कोणत्या तारखेस घेतली, आणि चौदावी कोणत्या तारखेस घ्यावयाची.